माहेरच्या गावात हॉटेल

सुरतेला चार-पाच दिवस राहायचं तर कोणत्या भागात उतरावं, हा प्रश्न मला पडला तेव्हा माझी मलाच लाज वाटली. माझा जन्म सुरतेतल्याच नवागामचा. वडील पॉवरलूमवर कामाला होते, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. तिथल्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मी सातवीपर्यंत शिकले आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आले. म्हणजे सुरत माझं माहेर. आमच्या खानदेशात माहेरच्या गावी कुणी हॉटेलात उतरत नाही. माहेरच्याच काय, सुरतेला जाणारा कुणीच उतरत नाही. प्रत्येकाचा कुणी ना कुणी चुलत, मावस, आते त्या शहरात असतोच, आणि एका खोलीत सहा माणसं झोपत असली तरी सातव्याची गोधडी अंथरली जाते. लहानपणी आमच्या खोलीत असे पाहुणे महिना महिना राहिलेले मी पाहिले आहेत. त्यांतले काही तर वडिलांना धड ओळखतही नव्हते.

तरीही मी त्या वर्षी हॉटेल शोधत बसले होते.

कारणं दोन. एक कागदाचं, एक मनाचं. कागदाचं साधं आहे. मी एका शाळेत कारकून होते. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि पेन्शनच्या कागदपत्रांसाठी माझ्या जन्मतारखेचा मूळ पुरावा मागितला गेला. माझा शाळा सोडल्याचा दाखला वाळवीने खाल्ला होता. जन्मभर दुसऱ्यांचे दाखले जपले आणि स्वतःचा तेवढा वाळवीला वाढला, असं आमचे मुख्याध्यापक म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. नक्कल सुरतेहूनच आणावी लागणार होती. असलं काम एका खेपेत होत नाही, हे मला, एका कारकुनाला, कुणी सांगायला नको.

मनाचं कारण म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. डाइंग मिलमध्ये कामाला, डिंडोलीला दोन खोल्यांचं घर. आई त्याच्याकडेच असायची. ती जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

आमच्याकडे लेकीने सणाला आपण होऊन माहेरी जायचं नसतं. तिला न्यायला माहेरहून माणूस यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक भाऊच असतो. आणि मुराळी सांगून येत नाही. आधी कळवणं, विचारणं, हे परक्यांसाठी. भाऊ उठतो, गाडीत बसतो, बहिणीच्या दारात उभा राहतो आणि बहीण पिशवी भरायला घेते. आखाजीचा सण, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या लेकीबाळींना दिवाळीहून मोठा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला भाऊ मला न्यायला आला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून त्याने एक आखाजी चुकवली नाही. एकदा तर अंगात ताप घेऊन आला आणि माझ्याच घरी दोन दिवस पडून राहिला. मुराळ्याचीच सेवा मला करावी लागली. आई असेपर्यंत हे असं चाललं.

आई गेल्यानंतरच्या आखाजीला तो आला नाही. दुःखाचं वर्ष, त्यात सण नसतो, एवढं मला कळत होतं. मग दिवाळीच्या सुमारास वर्षश्राद्ध झालं. मी सकाळी गेले आणि संध्याकाळी परतले. निघताना चप्पल घालायला मी मुद्दाम वेळ लावला. पट्टा काढला, पुन्हा लावला. कुणी 'थांब' म्हणालं नाही. भाऊ दाराशी उभा होता, त्याने नुसती मान हलवली. भावजय आत भांडी लावत होती. गाडीत बसल्यावर मी मनाशी म्हटलं, आई गेली, माहेर गेलं. जुनी माणसं सांगतात ते उगाच नाही. त्यानंतर भावाचा फोन अधूनमधून यायचा. 'कशी शे?' 'बरी शे.' यापुढे आमचं बोलणं जात नसे. 'ये' असं तो कधी म्हणाला नाही, आणि 'येऊ का?' असं मी कधी विचारलं नाही. आमच्या घराण्यात सगळ्यांची नाकं मोठी आहेत. माझं जरा जास्तच.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी बंगळूरला. माझं म्हणावं असं घर सुरतेत उरलं आहे की नाही, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं. ते विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं, कारण उत्तर 'नाही' आलं तर पुढे काय, हे मला माहीत नव्हतं.

मुलीने फोनवर विचारलं, "मामाकडे नाही राहणार?"

"त्यांना कशाला त्रास," मी म्हणाले.

मुलगी माझीच आहे, तिला सगळं समजतं. मग म्हणाली, "बरं, एरिया सांग. मी हॉटेल बघते."

एरिया सांग. ज्या शहराच्या गल्ल्या मी अनवाणी तुडवल्या, त्यातला एरिया मी परगावच्या बाईसारखा निवडायला बसले. स्टेशनजवळ नको, तिथे खानदेशच्या गाडीतून उतरणारा दर तिसरा माणूस ओळखीचा निघतो. उधना सगळ्यांत सोयीचं. माझं काम होतं ते कार्यालय तिकडेच, रिक्षाने पाच मिनिटांवर. पण भावाची मिलही तिकडेच, म्हणून मी ते सगळ्यांत आधी खोडलं. रिंग रोडच्या कापड मार्केटात भावजयीचे दोन भाऊ पार्सलं बांधतात. तेही गेलं. लिंबायत, पांडेसरा, नवागाम ही नावं तर हॉटेलांच्या यादीत येतच नाहीत. जिथे हजारो माणसं रोज पाठ टेकतात, तिथे प्रवाशाने एक रात्र काढावी असं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही. मुलगी एकेका भागाची माहिती वाचून दाखवत होती. वेसूबद्दल लिहिलं होतं, 'शांत, प्रशस्त, कुटुंबांसाठी उत्तम.' मी म्हटलं, आम्हीही कुटुंबच होतो की, सात माणसांचं. ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं.

शेवटी मी अडाजण सांगितलं. तापीच्या पलीकडचा भाग, डिंडोलीपासून जितकं दूर जाता येईल तितकं. आमच्या गल्लीत नदीपार म्हणजे परदेश. एखादी शेजारीण बरेच दिवस दिसली नाही तर आई तिला अडवून विचारायची, "काय व, नदीपार राहस का?" लहानपणी मी तो पूल दोनदा-तीनदा ओलांडला असेन. ओळखीचं कुणी भेटायची भीती नाही, एवढ्या एका गुणावर मी तो भाग पसंत केला. काम उधन्याला आणि मुक्काम अडाजणला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो मी जाणूनबुजून घातला.

हॉटेल स्वच्छ होतं. काउंटरवरच्या बाईने माझा जळगावचा पत्ता लिहून घेतला आणि गोड आवाजात विचारलं, "सुरत पहेली वार आव्यां, बेन?"

"हा," मी म्हणाले.

का म्हणाले कुणास ठाऊक. नाही म्हटलं असतं तर तिने पुढे काहीबाही विचारलं असतं, कुठे राहत होतात, कोण आहे तुमचं इथे. त्यापेक्षा हे सोपं वाटलं. तिने मला शहराचा नकाशा दिला आणि डुमसच्या समुद्रावर जाऊन या म्हणून सांगितलं. मी तो नकाशा घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि आभार मानले.

खोलीत दोन पलंग होते. पहिल्या दिवशी मी खिडकीकडच्या पलंगावर झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर. उगाच. जेवायला खालीच एक थाळीचं ठिकाण होतं. डाळ गोड. लहानपणी त्या गोड डाळीवरून आम्ही भावंडं गुजराती शेजाऱ्यांची नक्कल करायचो आणि आई आम्हाला दटावता दटावता स्वतःच हसायची. आता ती डाळ समोर होती आणि टेबलावर मी एकटी. वाढणारा भला माणूस होता, दर पाच मिनिटांनी येऊन काही हवं का विचारायचा. दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारा तेवढाच एक. जळगावलाही मी एकटीच राहते, पण तिथलं एकटेपण सवयीचं आहे. कुठला डबा कुठे आहे हे अंधारातही कळतं. इथे मात्र हे माझं गाव आहे हे कुणाला सांगायची सोय नव्हती, आणि ती सोय मीच बंद केली होती.

रोज सकाळी मी बसने पूल ओलांडून उधन्याकडे जायची. बसमध्ये तोंडाला ओढणी बांधून बसायची, ऊन आहे या निमित्ताने. ऊन होतंच, पण ओढणी उन्हासाठी नव्हती. खिडकीतून मराठी पाट्या दिसायला लागल्या, दुकानांत आमच्याकडचं कळण्याचं पीठ आणि मांडे दिसायला लागले की मी मान खाली घालायची. हे सगळं मी ज्या माणसांपासून लपून करत होते, ती माझी वाईट चिंतणारी नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझी शाळा केव्हाच बंद झाली होती. पोरं गुजराती आणि हिंदी माध्यमात जायला लागली, मराठीचे वर्ग रिकामे पडले आणि जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे बांधून दुसऱ्या इमारतीत ठेवले गेले. तिथला कारकून पन्नाशीचा, चष्म्याला दोरी बांधलेला. पहिल्या दिवशी म्हणाला, "बेन, जूनुं छे, शोधवुं पडशे. काले आवजो." दुसऱ्या दिवशीही काले आवजो. मला त्याचा राग आला नाही, कारण मीही पस्तीस वर्षं लोकांना 'उद्या या' म्हणत आले होते, आणि त्यातलं निम्मं खरंच कामामुळे होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर खाली बसून गठ्ठे सोडले. धुळीने दोघेही शिंकत होतो. दुपारी दीडच्या सुमाराला माझं नाव सापडलं. बाईंचं वळणदार अक्षर, निळी शाई. वडिलांचा धंदा, कामगार. राहण्याचं ठिकाण, नवागाम. कारकुनाने नक्कल लिहिली, शिक्का मारला आणि विचारलं, "आता कोण आहे तुमचं नवागामला?"

"कुणी नाही. भाऊ आहे, डिंडोलीला," मी म्हणाले.

"मग जेवायला तिकडेच जात असाल."

मी कागद पिशवीत ठेवला आणि उठले.

काम झालं होतं, तरी माझं परतीचं तिकीट आणखी दोन दिवसांनी होतं. ते दिवस मी कशासाठी ठेवले होते हे स्वतःपासून लपवण्यात अर्थ नाही. वाटलं होतं, काम झालं की धीर येईल आणि आपण सरळ डिंडोलीच्या घरात जाऊन उभं राहू. चौकात शेअर रिक्षांचा थांबा होता. मी तिथे जाऊन उभी राहिले. एक रिक्षा भरून गेली, दुसरी भरून गेली. 'बसा मावशी' म्हणून रिक्षावाला सरकून जागा करायचा आणि मी 'पुढची' म्हणायची. बोलावल्याशिवाय गेले आणि भावजयीच्या चेहऱ्यावर एक क्षणभर जरी 'ही कशाला आली' असं दिसलं, तर ते मला मरेपर्यंत पुरणार होतं. अर्धा तास मी त्या थांब्यावर असा घालवला.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ.

"आक्का, कोठे शे तू?"

"का रे?"

"तुना घरले कुलूप शे. मी दारमां उभा शे."

मला समजेना. "कोनता दारमां?"

"तुना. जळगावले. तुले लेवाले उनू. आखाजी उनी ना."

तो मला न्यायला आला होता. मी काही बोलायच्या आत माझ्या कानाशी रिक्षावाला ओरडला, "डिंडोली, डिंडोली, नवागाम." रोज शंभर वेळा ऐकलेली हाक भावाने तिकडे, माझ्या जळगावच्या उंबऱ्यावर उभं राहून ऐकली.

"तू सुरतले शे?" त्याने विचारलं.

"हा."

"मंग मना घर शे का? तिनी माले फोन नही कया." तिनी म्हणजे भावजयीने.

"नही. हाटेलमां उतरेल शे. अडाजनले. तीन रोज झायात."

एवढं बोलून मी थांबले. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडले असते, दीड वर्षाचं सगळं तिथे चौकात काढलं असतं आणि मोकळी झाले असते. पण तो ओरडला नाही. सकाळपासून गाडीत बसून आलेला माणूस, मिलमधून दोन दिवसांची रजा काढून, बंद कुलपासमोर उभा होता. शेजारणीला मी 'बाहेरगावी जाते' इतकंच सांगून आले होते, तिला तरी तो काय विचारणार.

"कोनले सांगेल शे का, तू आठे शे म्हनीसन?" त्याने विचारलं.

"कोनलेच नही."

"बरं. मी गल्लीमां समदासले सांगीसन निंघनू, आक्काले लेवाले जास म्हनीसन." मग म्हणाला, "तू अशी कर. सकाय चलथानले ये. मी रातनी पॅसिंजर धरस. ती तठे थांबस. तठून संगे घर जाऊ."

गल्लीत सगळ्यांना सांगून निघालेला मुराळी एकटा परत आला तर गल्ली दहा प्रश्न विचारते. बहीण आली नाही का, काही बिनसलं का, वाटणीवरून का. आणि बहीण त्याच शहरात हॉटेलात सापडली तर प्रश्न विचारायचीही गरज उरत नाही. चलथाण म्हणजे जळगावकडून येताना उधन्याच्या अलीकडचं छोटं स्टेशन; तिथे त्याच्या गाडीत चढले की मी त्याच्याबरोबर जळगावहून आल्यासारखी दिसणार होते. मी हो म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही दोघांनी ती न बोलता झाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या बाईने विचारलं, सुरत कशी वाटली. मी म्हणाले, छान. रिक्षा केली आणि चलथाणला निघाले. रस्ता डिंडोलीच्या अंगावरूनच जातो. भावाच्या गल्लीचं तोंड दिसलं तेव्हा मी रिक्षात खाली वाकून पायातली चप्पल सारखी केली. घरासमोरून गावाबाहेर जायचं, तिथून गाडीत चढायचं आणि पुन्हा घरी यायचं. असला प्रवास माझ्या आयुष्यात मी दुसरा केला नाही.

चलथाणला साखर कारखान्याचा हंगाम उरकत आला होता, तरी मळीचा वास फलाटापर्यंत येत होता. फलाटावर मोजकी माणसं. मी बाकावर बसले आणि पदराने तोंड पुसत राहिले. गाडी पाऊण तास उशिरा आली. भाऊ डब्याच्या दारातच उभा होता. वर्षश्राद्धानंतर मी त्याला पाहिलं नव्हतं. कानांजवळचे केस पांढरे झाले होते आणि डोळे लाल, जागरणाने. त्याने हात पुढे करून माझी बॅग घेतली आणि मला बसायला जागा केली. मी तोंड उघडणार तोच त्याने एक कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"सांजोऱ्या शेतीस. तुना घरसाठे दियेल व्हत्यात तिनी."

मुराळी रिकाम्या हाताने जात नाही. भावजयीने माझ्यासाठी सांजोऱ्या तळून दिल्या होत्या, डझनभर तरी. ही पिशवी जशीच्या तशी परत गेली असती तर तिला कळलं असतं की ती माझ्या घरात गेलीच नाही. ते आम्हा दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. उधना यायला जेमतेम पंचवीस मिनिटं होती. आम्ही दोघांनी खायला सुरुवात केली. त्याने दोन खाल्ल्या, मी दोन, समोरच्या म्हातारीला दोन दिल्या, तिच्याबरोबरच्या बाईला दोन. घास कोरडा, पाण्याची बाटली संपलेली. माझ्यासाठी म्हणून तळलेला सणाचा पदार्थ मी चोरीचा माल संपवावा तसा संपवत होते. तिसरी खाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भावाने तोंड खिडकीकडे केलं.

मग तिकडेच पाहत त्याने विचारलं, "आक्का, मी तुले कव्हय काही बोलनू का?"

"तू काहीच नही बोलना, तेच त. वरीसना दिवसले 'थांब' बी नही म्हनना."

तो माझ्याकडे वळला. राग नव्हता, आश्चर्य होतं. "दुखना घरमां 'थांब' म्हनतस का?"

नाही म्हणत. दुःखाच्या कार्याला आलेल्याला निरोप देत नाहीत, थांबवत नाहीत, आणि जाणाराही 'येतो' म्हणत नाही. हे मला माहीत होतं. मी शंभर घरांतून अशीच न बोलता उठून आले आहे. पण त्या संध्याकाळी दारात मी पाहुणी म्हणून उभी नव्हते, मी आईची मुलगी म्हणून उभी होते, आणि रीत मोडून कुणीतरी मला थांबवावं असं मला वाटत होतं. त्याने आईच्या कार्यात रीत पाळली. मी ती त्याच्यावर धरून ठेवली.

"चुकनं मनं," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

उधन्याला उतरून आम्ही रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशीच त्याने ती थांबवली. घरापर्यंत जात होती, तरी. मग माझी बॅग डोक्यावर घेऊन तो पुढे चालायला लागला आणि मी मागे. दारादारांतून बायका म्हणत होत्या, "उनी का व माय? कशी शे?" तो प्रत्येकीला सांगत होता, "उनी, उनी." त्याचा आवाज मोठा आणि हसरा होता. गाडीतला आवाज तसा नव्हता.

भावजयीने दारातच थांबवून माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि मला मिठी मारली. म्हणाली, "यंदा मायनी घागर तुमनाच हातघाई भरनी शे." आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. आईच्या नावाची ही पहिलीच घागर, आणि ती लेकीनेच भरायची, असं त्या दोघांनी वर्षश्राद्धाच्या दिवशीच ठरवलं होतं. मी चप्पल घालायला वेळ लावत होते, त्याच दिवशी. मला कुणी सांगितलं नाही, कारण हे सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नाही.

आखाजीच्या सकाळी तिने घागर पुढे ठेवली, मी पाणी भरलं, वर आंबा आणि सांजोरी ठेवली. शेजारच्या बायका गाणी म्हणत होत्या. भावजय मधेच मला म्हणाली, "सांजोऱ्या कश्या व्हत्यात? गूळ कमी पडना का?" मी म्हणाले, "चांगल्या व्हत्यात." भाऊ खाली बघत होता. घर माणसांनी भरलं होतं, सगळी माझी माणसं, आणि अडाजणच्या त्या खोलीतही वाटलं नव्हतं इतकं एकटं मला त्या क्षणी वाटलं. तिथे मी न बोलावलेली होते. इथे सगळ्यांनी बोलावलेलं होतं आणि मी खोटी बसले होते. चार दिवस मी राहिले, खूप जेवले, खूप हसले. ती गोष्ट आम्ही दोघांनी पुन्हा काढली नाही, आणि त्याने ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तो तसा शब्दाचा पक्का आहे.

त्यानंतर दोन आखाज्या झाल्या. दोन्ही वेळा तो मला न्यायला आला. पुढेही येईल. माहेर गेलं की काय ही माझी शंका आता उरलेली नाही, आणि मी सुरतेत कुठे राहायचं हे मला कुणी विचारत नाही. फक्त निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन येतो. पूर्वी असा फोन कधी येत नव्हता. फार बोलत नाही. विचारतो, "आक्का, घरीच शे ना?"

"घरीच शे," मी सांगते.

तेवढं विचारून झाल्यावर तो तिकीट काढतो.